सुईचा धसका

"मी नाय जात आत. चल, जीप सुटायच्या आधी घरी जाऊ," म्हणत पोशी दवाखान्याच्या बाकावरून उठली. जावेने, पुष्पाने, पदर धरून तिला परत खाली बसवलं.

"खोडाळ्याहून एवढी वळणं खात आलो ते काय जव्हारचा बाजार बघायला? बस गपचूप!"

पोशी बसली. उजवा हात तिने मांडीवर घेतला होता, तान्हं पोर घ्यावं तसा. सुपं आणि टोपल्या विणणारा हात तो. पाड्यावर कुणाच्याही घरी जा, भात पाखडायचं सूप पोशीचंच. आणि हल्ली त्याच हातातून कोयता गळून पडायचा. खांद्यापर्यंत असा ठणका लागायचा की डोळ्याला डोळा नाही. नवरा एकदा म्हणाला, "राहू दे सुपं, आता बसून खा." बिचारा मायेनेच म्हणाला, पण पोशी ढसाढसा रडली. हात गेला तर ती कशाची पोशी? बसून खायची म्हणजे काय जगणं झालं?

होळीच्या आधी, मागच्या खेपेला, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मनगटात नस दबली असावी, कापाकापी नको, सुईने आत औषध सोडू. तेव्हापासून पोशीने सुईचा असा धसका घेतला की विचारू नका. त्यात शेजारची बाळी म्हणाली, "खिळ्याएवढी असते गं!" झालं, होतं नव्हतं तेवढं अवसानही गेलं.

"कमाल आहे बाय तुझी," पुष्पा हसायला लागली. "होळीनंतर भगताने याच मनगटावर तापल्या लोखंडाचा डाग दिला. चर्र वाजलं, मी तोंड फिरवलं. तू हूं की चूं केलं नाहीस. सगळा पाडा म्हणतो, पोशीचं काळीज दगडाचं. आणि एवढ्याशा सुईला भितेस?"

"तेव्हा भगताने मंत्र घातलेला. म्हणून नाय दुखलं. इथं कोण मंत्र घालते?"

हे मात्र पुष्पालाही पटलं.

तेवढ्यात आतून हाक आली. पोशी बाकाला चिकटून राहिली. पुष्पाने जवळजवळ ढकलतच तिला आत नेलं.

अवंती डॉक्टर वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी पोशीचा हात टेबलावर घेतला आणि कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. "मावशी, कळतंय?"

"हां."

"इथे?"

"हां."

पोशी बोळ्याकडे बघत मान हलवत होती. डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं की डॉक्टर चिडतात आणि मोठी सुई काढतात, असा तिचा पक्का समज.

मनगटावरचा डाग बघून डॉक्टरबाई कळवळल्या. "अहो, हे काय करून घेतलंत! किती दुखलं असेल."

"हां बाय, लय दुखलं," पोशीने ठोकून दिलं. मंत्राची गोष्ट इथे कुठे काढायची!

"असं भाजून घ्यायचं नाही पुन्हा. आता ऐका. सुई आत जाताना चटका बसेल, हाताला झिणझिण्या येतील. खुशाल ओरडा. ओरडलात तर बरंच, नस जिवंत आहे, औषधाने हात सुटेल. काहीच कळलं नाही तर दुखणं वेगळं. मग हाताची खात्री मी देणार नाही."

पोशीच्या कानात यातलं एवढंच शिरलं की चटका बसेल आणि ओरडावं लागेल.

"डोळे मिटा हवं तर."

पोशीने डोळे गच्च मिटले आणि पुष्पाच्या खांद्यात तोंड खुपसलं. आई गं, गावदेवा, सांभाळ रे! दवाखान्याचा तो उग्र वास नाकात गेला. ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं.

"मावशी, आता हलू नका हं."

पोशी हलली नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. आता टोचेल, मग टोचेल, म्हणून ती दातओठ आवळून बसली. कुणी काहीच बोलेना. पुष्पाची बोटं तेवढी तिच्या दंडात रुतली. हीसुद्धा घाबरली की काय?

शेवटी पोशीच्याने राहवेना. भीतीचा आता रागच झाला होता. डोळे तसेच मिटून ती ओरडली, "टोच ना गं बाय एकदाची! आणखी किती भेव दाखवतेस?"

अवंती डॉक्टरांनी मान वर करून पुष्पाकडे पाहिलं. सुई केव्हाचीच पोशीच्या मनगटात होती.