दोन डबे, एक ठोका

सबवूफरची, म्हणजे खर्जाचा ठोका देणाऱ्या स्पीकरच्या डब्याची, जागा निवडायची साउंडवाल्या काकांची रीत ठरलेली होती. डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवायचा आणि आपण डोळे मिटून खोलीभर रांगायचं. जिथे ठोका सर्वांत स्वच्छ ऐकू येईल, तीच डब्याची जागा.

"या वयात रांगताय!" घरच्या बाई हसल्या.

"तीस वर्षं कानांवरच पोट भरलंय, बाई."

बाईंना दोन डब्यांतला एक निवडायचा होता. आधी लावलेला, सिनेमासाठीचा मोठा डबा घुमत होता. खिडकीलगतच्या कोपऱ्यात मात्र ठोका खोल, संथ, नितळ ऐकू आला. काका तिथेच थांबले. डोळे न उघडताच म्हणाले, "आता हा काढा, गाण्यांसाठीचा छोटा लावा."

थोड्या वेळाने म्हणाले, "कमाल आहे! आकारात एवढा फरक, पण ठोका अगदी तोच."

"अहो, छोटा अजून लावलाच नाही," बाई म्हणाल्या. "वायर माझ्या हातातच आहे."

काकांनी डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती. ठोका चालूच होता.

समोरची भिंत बाहेरची होती. तिच्यापलीकडे नुसती हवा, आणि पाच मजले खाली रस्ता.

काकांनी हळूच भिंतीवर तळवा टेकवला.

ठोका क्षणभर थांबला. मग तळव्याखालीच, घाबरल्यासारखा, भराभर पडू लागला.