डोहाळ्याचा घास

"घे गो बाय, तीन दुकानांची तीन पाकिटं फोडलीत. एक तरी तुझ्या माहेरासारखं निघेल," म्हणत नलिनीताईंनी मसुराच्या डाळीच्या तीन वाट्या सुनेपुढे मांडल्या. सून सेलाम इथिओपियाची. दिवस राहिल्यापासून पोटात अन्न ठरेना, आणि डोहाळे लागले ते माहेरच्या लाल बर्बरे मसाल्याचे. कुडाळात तो कुठला मिळायला? लेकाने परदेशातल्या तीन दुकानांतून त्याची पाकिटं मागवली.

सेलामने तिन्ही वाट्या चाखल्या आणि ओशाळून म्हणाली, "आई, सगळ्या तुमच्या आमटीसारख्याच लागतात."

नलिनीताईंनी एक वाटी तोंडाला लावली, तशी कपाळावर हात मारला. सवयीने तिन्हींत मोहरी-हिंगाची फोडणी पडली होती, वर गुळाचा खडा. "मेल्या हाताचं वळणच तसं! आता तू सांग, मी करते."

सेलामने पाकिटं हुंगली. एक नुसतंच तिखट, एक शिळं. तिसऱ्यावर मात्र तिचं नाक रेंगाळलं. "हे. पण आधी कांदा परतायचा, तेलाशिवाय."

"करपेल गो!"

"ढवळत राहायचं, आई."

नलिनीताई ढवळत राहिल्या. डाळ झाली, तेव्हा सेलामने आंबोळीचा तुकडा तीत बुडवून भला मोठा घास केला आणि सासूच्याच तोंडात कोंबला. सेलामच्या माहेरी जीव लावायची हीच रीत.

"अगो, डोहाळे तुझे की माझे?" भरल्या तोंडाने नलिनीताई म्हणाल्या.

"आता तुम्ही मला." सेलामने आ केला.

नलिनीताईंनी त्याहून मोठा घास उचलला.