नव्या आवृत्तीचं गाऱ्हाणं

टीं.

जेवणानंतरच्या सामसुमीत कोपऱ्यातला यूपीएस बोलला आणि पंखा थांबत थांबत थांबला. वीज तीनला जायची, ती आज पंधरा मिनिटं आधीच गेली.

उर्वशीने पहिल्यांदा चटईवर पाहिलं. चार वर्षांची सृष्टी कूस बदलून पुन्हा झोपली. मग तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. टेलिफोनच्या तारेवरून तिचं काम पुण्याकडे निघालं होतं. आत्तापर्यंत चारच टक्के गेलं होतं. पोचायला अजून बारा मिनिटं. आणि यूपीएस अगदी नवा होता तेव्हासुद्धा दहाच मिनिटं टिकायचा.

‘अंगण’ म्हणजे ब्लॉग लिहायची एक फुकट प्रणाली. कुणीही उतरवून घ्यावी, खोलून बघावी, हवी तशी बदलावी. पाच देशांतली बारा माणसं ती मिळून करत होती आणि आज तीन वाजता तिची दुसरी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली होणार होती. उर्वशीचा त्यात एकच भाग होता: लिहिता लिहिता वीज गेली, तरी लिहिलेलं आपोआप जपून ठेवणं. बाकीच्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. सात महिने, सृष्टीच्या दुपारच्या झोपेत, तिने ते केलं होतं. शेवटची चूक आज सकाळी सापडली. “तीनच्या आत आलं तर आलं,” पुण्याहून ओमकारने कळवलं होतं, “नाहीतर तुझा भाग वगळून सोडावं लागेल. मग पुढच्या वर्षीच.”

तिने हात लांब करून पडदा बंद केला.

“बंद पडलां काय गो?” ओटीवरून सासरे, विठोबा, आत आले.

“नाय बाबा. ह्यो पडदोच सगळी वीज खाता, म्हणान बंद केलंय. आत काम चलू आसा. बारा मिनटां. फोन मातर कोणी उचलूक नको. उचललो की सगळां तुटलां.”

विठोबांना तेवढं पुरलं. चाळीस वर्षं होड्या पाण्यात लोटलेला माणूस तो. फोनजवळच्या स्टुलावर बसले आणि रिसीव्हरवर तळवा दाबून धरला.

तेवढ्यात शेजारची हौसाबाई हातात चिठ्ठी घेऊन आली. “कणकवलीक एक फोन लावचो होतो. भाचयेक बाळ झालां काय बघूचां आसा.”

“झालां असात तर झालां. बारा मिनटात तां काय परत पोटात जाणा नाय. बस थंय.”

“आणि तुमी काय, फोन उबवतास?”

“सुनेची होडी पाण्यात उतारता. गप.”

हौसाबाईने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग विठोबांकडे. “आणि गाऱ्हाणां? गाऱ्हाणां नाय, नारळ नाय, तशीच लोटलास?”

विठोबा चपापले. इतक्या होड्या लोटल्या, पण देवाला हे साकडं घालणं कधी चुकलं नव्हतं. एक हात रिसीव्हरवरून हलवता येत नव्हता. त्यांनी दुसरा कपाळाशी नेला आणि डोळे मिटले.

“बा देवा रामेश्वरा! ह्या लेकरान सात म्हयने खपान जां काय केल्यान हा, तां आज भायर पडता. वाटेत वारो-वावटळ आसात, अडी-अडचण आसात, ती दूर कर. आणि तेका सुखरूप पैल्याड पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हौसाबाई म्हणाली.

“व्हय म्हाराजा!” चटईवरून आणखी एक झोपाळू आवाज आला. सृष्टी उठून बसली होती.

यूपीएसची टीं टीं आता भराभर येऊ लागली. उर्वशीने लेकीला मांडीवर घेतलं आणि मशीनशी वाकली. आतला पंखा फिरत होता, तेवढंच कळत होतं. सृष्टी तान्ही असताना तिचा श्वास ऐकायला ती अशीच वाकायची. दहा मिनिटं झाली. अकरा. मग टीं टीं सलग एकच झाली, आणि सगळंच गप्प झालं.

“पोचला काय?”

“ठावक नाय, बाबा. आता फोन सोडलात तरी चलात.”

पण विठोबांनी हात काढला नाही. आणि त्या हाताखालीच फोन खणाणला. ते स्टुलावरून उठलेच, आणि उर्वशीने तो उचलला.

“पोचलं!” पलीकडे ओमकार ओरडत होता. “शेवटचा तुकडा आला आणि तू गायब! आता फोन ठेवू नकोस. दोन मिनिटं आहेत. सगळे जमलेत.”

उर्वशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. वर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलायला तयार नव्हता.

“सोडलं!” ओमकार म्हणाला. “एक जण. नऊ. एकेचाळीस... अगं, थांबतच नाहीये!”

“लोक घेतत, बाबा!” तिचा आवाज फाटला. “फिनलंड! ब्राझील! नागपूर!”

“नागपूर?” विठोबा थक्क झाले. “इतक्या लांब?”

ते लगबगीने आत गेले आणि मागच्या पायरीवर नारळ फुटल्याचा आवाज आला. त्यांनी हौसाबाईच्या हातावर खोबरं ठेवलं, सुनेच्या हातावर ठेवलं, नातीच्या हातावर ठेवलं. सृष्टीने तुकडा गालात धरून काळा पडदा न्याहाळला. मग खिडकीतून समुद्राकडे पाहिलं आणि आईचा पदर ओढला.

“आये, आजोबांची होडी सकाळी जाता नि सांजेक परत येता. तुझां तां परत कधी येतलां?”

रिसीव्हरमध्ये ओमकार अजून आकडे सांगतच होता.