पिठाची गोळी

नाताळचे तमाले, म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले सारणाचे उंडे, करायला आम्ही सगळे लारेडोला बहिणीच्या स्वयंपाकघरात जमलो होतो. गेल्याच महिन्यात नगरपरिषदेची निवडणूक हरलेली भाची येसेनिया मक्याचं पीठ फेटत होती. "आता पुन्हा उभी राहणार नाही," ती म्हणाली. "रुसून फेटलंस तर तमाले कच्चे राहतील गं," तिची आई म्हणाली. पुस्तकांत जन्म काढलेल्या मला तिची समजूत घालायची होती. मी पिठाची गोळी पाण्यात टाकली. तयार पीठ तरंगतं, ही बुडाली. "फेकून देऊ सगळं?" मी विचारलं. "वेड लागलंय का, मामा? अजून फेटायचं," ती म्हणाली आणि थबकली. मग हसली. "पुढच्या वेळी मतं मागायला दारोदार तुम्ही यायचं माझ्याबरोबर." अनोळखी दार वाजवायला मी अजूनही घाबरतो. "येईन," म्हणालो. तिने पातेलं पुन्हा पुढ्यात ओढलं.