टोपी कुणाची

टोपी मुष्टियुद्धाच्या रिंगणात पडली आणि सगळी जत्रा तिकडे वळली. ती जेबेझ पोकॉक खाटकाची, हे इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. टाकली होती मात्र त्याच्या बायकोनं, कझायानं. त्याच्या डोक्यावरून उचलली आणि दोरावरून सरळ आत भिरकावली.

ज्याची टोपी आत, त्यानं उतरून लढायचं, अशी रीत. दरवर्षी जत्रेत येणारा मुष्टियोद्धा नेड हॅरप सकाळपासून गावाला हिणवत होता, "टोप्या मिरवायलाच डोकी आहेत वाटतं इथं." कुणी पुढे आलं नव्हतं. जेबेझ तर वर्षभर गुत्त्यात बसून सांगायचा, हॅरपला आपण एका ठोशात झोपवू.

"बायको असावी तर अशी," मागून कुणी म्हणालं. "नवऱ्यावर केवढा भरवसा."

जेबेझचं टक्कल उन्हात चमकत होतं. घाम पुसत तो म्हणाला, "ती माझी टोपी नाही."

आधी बायका हसल्या. मग गुत्त्यातले त्याचे सोबतीही.

हॅरपनं टोपी उचलून धूळ झटकली. "खरंय. ही एखाद्या पुरुषाची दिसते." तो दोरापाशी आला. "घे बाई, ज्याची असेल त्याला दे." त्यानं टोपी द्यायला हात उचलला.

कझाया झटकन मागे सरली. दोन्ही हात तोंडावर घेऊन, खांदे आवळून उभी राहिली. बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. हातांवर काळेनिळे डाग होते, काही जुने, पिवळे पडलेले.

हॅरपचा हात हवेतच राहिला. मार चुकवणारी माणसं तो रोज पाहायचा. ही चुकवत नव्हती. खायला तयार झाली होती.

"म्हणून टाकलीस होय?" त्यानं हळू विचारलं.

"एकदा तरी त्याला कळावं," ती म्हणाली.

जेबेझ गर्दीतून काढता पाय घेत होता. हॅरप बाहेर आला. त्यानं त्याची मानगूट पकडली, त्याला ओढत आणलं, टोपी त्याच्या डोक्यावर दाबून बसवली आणि दोर वर उचलून धरला.

"चला खाटीकबुवा, वाकून आत या. इथं समोरचाही हात उचलतो."