नदीकाठ

“डोळे मिटा. खांदे सैल सोडा. आता तुम्ही नदीत पाय सोडून बसलाय,” झोपेसाठी व्यायाम शिकवायला आलेली ताई मऊ आवाजात म्हणाली. डायलिसिसच्या खोलीत कुणीतरी कोरडा घसा खाकरला. घोट मोजून पाणी पिणाऱ्यांना ही बाई नदी दाखवत होती!

दिगंबरअण्णांना राग आला नाही. हल्ली त्यांना काहीच येत नसे, झोपसुद्धा. सुया टोचलेला हात गादीवर तसाच राहिला. मनातल्या मनात मात्र अण्णा वाकले आणि ओंजळी भरभरून पीत सुटले. थोड्या वेळाने घोरायला लागले.

पुढच्या खेपेला अंगात किती पाणी साठलंय ते बघायला नर्सने त्यांना काट्यावर उभं केलं.

“सिस्टर, रागावू नका,” अण्णा मान खाली घालून म्हणाले. “त्या दिवशी पोटभर प्यायलोय.”