वितीनं मोजलेली गाडी

आशाबाईंनी सीटच्या कडेपासून ब्रेकच्या पट्टीपर्यंतचं अंतर वितीनं मोजलं. आधी पांढऱ्या गाडीतलं, मग शेजारच्या हिरवीतलं. ओठांतल्या ओठांत काही आकडे म्हटले आणि पदर सारखा करून त्या उभ्या राहिल्या. भगवंतराव बघतच राहिले. बाई खणाचं कापड वितीनं मोजते, हे त्यांनी पाहिलं होतं. गाडी मोजताना आजच पाहत होते.

शोरूममधल्या साजिदलाही हसू येत होतं, पण गिऱ्हाइकापुढे हसायचं नाही एवढं तो शिकला होता.

"दोन्ही गाड्या दणकट हायेत काकाजी," तो म्हणाला. "चारही चाकं जोर लावतात. काळ्या मातीच्या चिखलात रुतली तरी आपली आपण निघते. फरक इतकाच, का पांढरी साधी हाय अन् हिरवीले चारही बाजूनं कॅमेरे. बाजूले काही आलं का टुंईटुंई वाजते."

"उजवीकडून आलं तरी?" भगवंतरावांनी विचारलं.

"उजवीकडून, डावीकडून, कुठूनबी."

भगवंतरावांची गाडी तिथंच ठरली.

त्याचं कारण त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या आधी अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांचा उजवा डोळा तपासला होता. गेलेली नजर परत येणार नाही, गाडी चालवणं आता बंद करा, असं स्पष्ट सांगितलं होतं. भगवंतरावांनी ती चिठ्ठी घडी करून देवघरातल्या पंचांगात ठेवली आणि घरी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? शालू, त्यांची एकुलती लेक, धारणीच्या पुढं शाळेत शिकवत होती. तिला सातवा महिना लागला होता. परतवाड्याहून वर चढलं की सेमाडोहपर्यंत वळणावर वळण, त्यापुढं रस्त्याच्या नावानं खड्डे. जुनी गाडी मागच्या पावसात तिथंच बसली होती. लेकीकडं जायचं तर गाडी नवी हवी आणि ती चालवणारा धडधाकट हवा. ड्रायव्हर ठेवा म्हणणाऱ्या जावयावर ते दोन दिवस रुसले होते. चाळीस वर्षं या घरातलं स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नव्हतं.

"हिरवीत बसलं का नुसतं बोनटच दिसते रे," आशाबाई स्टिअरिंगमागं बसून म्हणाल्या. "रस्ता कुठी हाय?"

"तुले कशाले दिसाले पाहिजे?" भगवंतराव म्हणाले. "तू तं बाजूले बसशील."

आशाबाईंनी स्टिअरिंग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवून पाहिलं आणि त्या खाली उतरल्या. उतरताना त्यांच्या पायांत कापडी बूट दिसले. हे आणखी एक नवल. जन्मभर चपला घालणारी बाई महिनाभर बूट घालून हिंडत होती. विचारलं तर म्हणे, टाचा दुखतात. शिवाय तीन महिने झाले, रोज दुपारी शेजारच्या शकुनसोबत राजापेठेत शिवणक्लासला जात होती, पण घरात अजून उशीची एक खोळ शिवून आली नव्हती. भगवंतरावांना राहून राहून वाटे, एकदा नीट विचारावं. पण स्वतः काही झाकून ठेवलेला माणूस दुसऱ्याला फार विचारत नाही.

साजिदनं भगवंतरावांचं लायसन पाहिलं आणि हिरवीची चावी दिली. तो पुढं बसला, आशाबाई मागं. राजापेठेच्या चौकात नेहमीसारखीच गर्दी होती.

"उजवीकडून ऑटो येऊन राहिला," आशाबाई मागून म्हणाल्या.

भगवंतरावांनी ब्रेक दाबला. गाडीची टुंईटुंई त्यानंतर सुरू झाली.

आशाबाईंच्या बोलण्याचं त्यांना नवल वाटलं नाही. दिवाळीपासून तिला ही खोडच लागली होती. उजवीकडं बैल हाय. उजवीकडून शाळेच्या पोरी चालल्या. वय झालं की बायका बडबड्या होतात, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शोरूमला परतल्यावर ते म्हणाले, "हिरवी लिही रे."

"पांढरी," आशाबाई म्हणाल्या.

"गाडी मले चालवाची हाय का तुले?"

या प्रश्नानं बोलणं संपेल, असं भगवंतरावांना वाटलं होतं. आशाबाईंनी पर्स उघडली. हळदीकुंकवाची डबी बाजूला सारली, रुमाल काढला आणि त्याच्या घडीतलं कोरं करकरीत कार्ड साजिदच्या टेबलावर ठेवलं.

"पांढरीची चावी दे. एक चक्कर मारून येतो आमी."

साजिदनं कार्ड वाचलं. एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा काकाजींकडं, आणि निमूटपणे चावी पुढं केली.

भगवंतरावांनी ते लायसन उचलून उलटसुलट पाहिलं. "तीन महिने क्लासमंदी काय शिवून राहिली होती तू?"

"चिखलदऱ्याचा घाट," आशाबाई म्हणाल्या. "तीनदा चढली अन् तीनदा उतरली. मास्तर म्हणे, आता तुमाले सांगासारखं काई उरलं नाही."

"पण काहून?"

"दिवाळीच्या तोंडावरच्या चतुर्थीले चंद्रोदय पाहाले पंचांग उघडलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

सवयीनं ते पांढऱ्या गाडीच्या उजव्या दाराशी गेले. तिथं आशाबाई आधीच बसल्या होत्या. सीट वर घेतलेली होती, बूट ब्रेकवर नीट टेकला होता. भगवंतराव दाराशी तसेच उभे राहिले. आशाबाईंनी वाकून आतून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडून या," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूले बसलं का तुमचा चांगला डोळा खिडकीकडं येते. इतकी वर्षं गाडी चालवण्यात सेमाडोहचं जंगल तुमी कधी धड पाह्यलंच नाही."